वाढत्या अंगाचं भिंग

मामा, गेल्या रविवारी नांदेडला तुमच्या जलदान विधीत मी चार मिनिटं बोललो. "सोनकांबळे मामा म्हणजे आमच्या हॉस्पिटलचा कणा होते," म्हणालो. "त्यांची जागा भरून निघणार नाही," असंही म्हणालो. लोकांनी माना हलवल्या, तुमच्या थोरल्या भावाने डोळे पुसले आणि मी फोटोसमोर फूल ठेवून जागेवर येऊन बसलो. उभा राहिलो होतो ते वेगळंच काही सांगायला. ते राहून गेलं, असं दोन दिवस स्वतःला समजावलं. राहून वगैरे काही गेलं नाही. मी ते गिळलं.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई चांगलं बोललात, सर." आणि तुमच्या त्या 'लई चांगलं'चा अर्थ मला अहमदपूरला परत पोचेपर्यंत कळला नसता. वीस वर्षं तुम्ही मला असंच टोचत आलात, रक्त न काढता.

आपण दोघं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल, कारण हे चार लोकांनी वाचावं म्हणून लिहितोय. मी डोळ्यांचा डॉक्टर. अहमदपूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं छोटं हॉस्पिटल आहे. तुम्ही तिथे डोळे मोजायचात. मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात जे भिंग बसवायचं ते किती नंबरचं, हे डोळ्याची लांबी मोजून ठरतं, आणि ते मोजमाप तुमचं. त्याचा रीतसर डिप्लोमा तुमच्याकडे होता. तरी पहिल्या दिवसापासून मी तुम्हाला मामा म्हणालो. दवाखान्यात फरशी पुसणाऱ्याला मामा म्हणतात, गेटवर बसणाऱ्याला मामा म्हणतात, तसंच तुम्हालाही म्हणालो. तुम्ही मला 'सर' म्हणालात. मी तुमच्याहून नऊ वर्षांनी लहान. हे मला पहिल्यांदा खटकलं ते तुमच्या फोटोसमोर सतरंजीवर बसल्यावर. आता तोंडात तेच बसलंय, म्हणून मामाच म्हणतो.

ते दुष्काळाचं वर्ष. लातूरला रेल्वेने पाणी येत होतं आणि आमच्या गल्लीत टँकर कधी येतो ह्यावर बायकांची अख्खी दुपार जात होती. ऑपरेशनं बंद ठेवायची वेळ आली होती, कारण ऑपरेशनला उभं राहायचं तर आधी कोपरापर्यंत हात धुवावे लागतात, आणि ते काही तांब्याभर पाण्याचं काम नाही. नांदेडला तुमच्या गल्लीतल्या बोअरला अजून पाणी होतं. मामी ते आदल्या दिवशी उकळून, गाळून ठेवायच्या आणि तुम्ही ऑपरेशनच्या दिवशी दोन हातांत दोन कॅन घेऊन एसटीने यायचात. कंडक्टर कुरकुरला की म्हणायचात, "दारू न्हाई, पाणीच हाय. वास घेऊन बघा." त्या उन्हाळ्यात माझं एकही ऑपरेशन रद्द झालं नाही.

एकदा तुम्ही तिसरा कॅन आणलात. "हा घरी न्या, सर. आईसाहेबांना उकळलेलं पाणी लागतंय म्हणला होता." मी म्हणालो, घरी आहे पाणी. घरी नव्हतं. आईला तुमच्या घरचं पाणी चाललं नसतं आणि मला तिच्याशी वाद घालायचा नव्हता. आमच्या घरी शिवपूजेला बसलं की सगळी माणसं सारखी, हे रोज मोठ्याने म्हटलं जातं. तुम्ही माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिलंत आणि कॅन उचलून ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ठेवलात. "मग हिकडंच येईल कामाला," एवढंच म्हणालात. त्या दिवशी मी तुमच्या पाण्याने जरा जास्तच वेळ हात धुतले.

ह्या कॅनची गोष्ट मुद्दाम आधी सांगितली. पुढचं जे झालं ते अचानक झालं नाही, हे कळावं म्हणून.

त्याच वर्षी नव्या जिल्ह्याची हवा होती. लातूर जिल्हा फुटणार, उदगीर वेगळं होणार, मग आपण कुणाकडे जायचं, की आपणच जिल्हा मागायचा, ह्यावर टपरीटपरीवर चर्चा. प्यायला पाणी नव्हतं, पण कलेक्टर ऑफिसची जागा लोकांनी मनातल्या मनात तीन ठिकाणी ठरवून टाकली होती. मी आता हसतोय, पण तेव्हा त्या समितीत मीही होतो, चांगला पुढे पुढे करत होतो. समितीने एक सभा घ्यायची ठरवली. मुंबईहून मोठे पाहुणे येणार, त्यांना आपल्या गावात काय काय आहे ते दाखवायचं: मार्केट यार्ड, कोर्ट, कॉलेजं. कुणीतरी म्हणालं, डॉक्टर, तुमच्याकडे लहान पोरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं का? झालं तर ते सांगता येईल, एवढ्यासाठी लोकांना हैदराबाद गाठावं लागतं. मी म्हणालो, होतं की. तोवर मी अशी मोजून पाच-सहा केली होती.

आणि दोन दिवसांनी नंदिनी आली.

चार वर्षांची. दोन्ही बुबुळांच्या मागे पांढरं. आई तिला हाताला धरून चालवत होती आणि ती दुसऱ्या हाताने भिंत चाचपत होती. आई म्हणजे चाकूरच्या सुरेखाताई. घरी मशीन टाकून शाळेचे गणवेश शिवायच्या. तुम्ही पोरीला खुर्चीवर बसवून तिच्या हातात चाव्यांचा जुडगा दिलात आणि सुरेखाताईंना समजावायला लागलात. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो.

"ताई, शाळेचा ड्रेस शिवताना लेकराच्या नेमक्या मापाचा शिवता का?"

"न्हाई. वाढत्या अंगाचा शिवते. खाली दुमड ठेवते चार बोटं."

"बस, हेच. डोळाबी वाढत असतो. भिंग वाढत न्हाई. आज बराबर बसंल असं भिंग टाकलं, तर पोरगी मोठी झाल्यावर ते जास्तीचं होतंय. मग जाड चष्मा, जलमभर. म्हणून आपण वाढत्या अंगाचं भिंग टाकू. आत्ता ढिलं पडंल, चार-पाच वरसं चष्मा घालावा लागंल. पर नंबर उतरत जाईल."

"चष्मा मी घालीन की तिला. दोरा बांधून घालीन," सुरेखाताई म्हणाल्या.

मुलांच्या भिंगाच्या नंबरावर मी दोन परिषदांमध्ये व्याख्यानं ऐकली होती. इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं. उलट तुम्ही बाहेर आल्यावर म्हणालो, "मामा, नंबर मी ठरवतो. पेशंटला आधीच काही बोलत जाऊ नका."

मग आपला तो वाद. टपरीवर चार-पाच दिवस चालला. तुमच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला एक तक्ता असायचा: कोणत्या वयाला किती नंबर कमी करायचा. घड्यांवर फाटला होता, तुम्ही मागून पट्टी चिकटवली होती. तुम्ही तो कपाच्या बाजूला उलगडून ठेवायचात आणि मी म्हणायचो, "तक्त्यातली पोरं चष्मा घालतात, मामा. आपली घालत नाहीत. आठ दिवसांत काच फुटते, मग डोळा आळशी होतो, बघायला शिकतच नाही आणि ऑपरेशन वाया जातं. त्यापेक्षा पूर्ण नंबरचं भिंग टाकलेलं काय वाईट?"

ही बाजू अगदीच खोटी नव्हती, तुम्हालाही ठाऊक होतं. चांगले चांगले डॉक्टर आजही तसं करतात. तुम्ही म्हणायचात, "ज्याची आई घालणार न्हाई, त्याला टाका पूर्ण. हिची आई घालणार हाय." मी बिस्किट बुडवून खायचो आणि म्हणायचो, बघू.

ऑपरेशनच्या सकाळी भूल दिल्यावर तुम्ही तिचा डोळा मोजलात. एवढ्या लहान मुलाला जागेपणी मोजता येत नाही. मशीनची ती पेन्सिलीएवढी दांडी बुबुळावर टेकवायची, पण दाबायची नाही. जरा दाब पडला की डोळा आखूड मोजला जातो आणि भिंगाचा नंबर चढा येतो. तुमचा हात असा असायचा की पापणीला कळू नये. दहा वेळा मोजलंत, दहाही वेळा तेच माप. पूर्ण नंबर आला पंचवीस. तक्त्याप्रमाणे वजा करून तुम्ही केसपेपरवर लिहिलंत: एकवीस. पेन्सिलीने. आपली रीतच होती ती, तुम्ही पेन्सिलीने लिहायचं आणि ऑपरेशननंतर मी त्यावर पेन फिरवायचा. पेन फिरला की आकडा पक्का.

सिस्टरने एकवीसचा डबा काढला. मी म्हणालो, "पंचवीस द्या."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मास्कवर नुसते डोळे. "सर, तिची आई..." एवढंच म्हणालात. मी म्हणालो, "मामा, लाइट जरा उजवीकडे घ्या." तुम्ही लाइट उजवीकडे घेतलात.

चष्मा फुटेल म्हणून मी पंचवीस मागितलं नव्हतं, मामा. सभेला अठरा दिवस होते. सभेत ती पोरगी चष्म्याशिवाय दिसायला हवी होती. नाकावर अधिक नंबरचा जाड चष्मा घातलेलं, डोळे मोठे मोठे दिसणारं पोर व्यासपीठावर आणून काय सांगणार होतो? इतकं साधं आणि इतकं हलकं कारण होतं. आठवड्याने दुसरा डोळा केला, त्यातही तुम्ही एकवीस लिहिलंत आणि मी पंचवीसच टाकलं. दोन्ही वेळा तुमच्या आकड्यावर आडवी रेघ मारून शेजारी पेनाने माझा लिहिला.

सभा चांगली झाली. पाहुण्यांनी मंडपाच्या मागच्या टोकाला जाऊन हाताची बोटं वर केली आणि नंदिनी व्यासपीठावरून ओरडली, "तीन!" टाळ्या थांबेनात. सुरेखाताई रडत होत्या. मी त्यांना माईकवरच सांगितलं, "ताई, आता लांबच्या चष्म्याची कटकट नाही." खाली उतरल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पर मामा तर म्हणले होते, वाढत्या अंगाचं..." मी म्हणालो, "मामांचं मनावर घेऊ नका, त्यांना जास्तीचं बोलायची सवय आहे." तुम्ही मागे खुर्च्या लावत होतात. ऐकू आलं असणार. जिल्हा काही झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

चष्मा नाही म्हटल्यावर माणसं तपासायला कशाला येतील? एक-दोनदा आल्या, मग येणं थांबलं. नंदिनी पुन्हा आली ती अकरा वर्षांची होऊन. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मास्तरांनी पाठवली होती. तुम्ही टॉर्च मारून, एकेक काच डोळ्यापुढे धरून तपासलंत आणि चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीत. दोन्ही डोळे उणे सात.

सुरेखाताई समोर उभ्या होत्या. "साहेब, तुम्ही म्हणला होता चष्मा लागत न्हाई. मामा म्हणले होते वाढत्या अंगाचं टाकू, नंबर उतरत जाईल. मग हे उलटं कसं झालं?"

मी केसपेपर पाहत होतो. रेघ मारलेला एकवीस माझ्या डोळ्यासमोर होता. फार तर दहा सेकंद गेली असतील. मी तोंड उघडणार होतो, असं मला आजही वाटतं, पण खात्रीने सांगू शकत नाही.

तुम्ही मागून म्हणालात, "ताई, ते माझ्याच हातनं चुकलं. मोजताना लेकराचा डोळा दाबला गेला असंल. मापच चढं आलं."

चूकसुद्धा तुम्ही नेमकी अशी निवडलीत, की जी माप घेणाराच करू शकतो. डॉक्टरकडे बोट वळायला जागाच ठेवली नाहीत.

सुरेखाताई तुमच्याकडे वळल्या. "माप चुकलं तर कापड वाया जातंय, मामा. ही माझी पोरगी हाय." आणखीही बरंच बोलल्या. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. आणि मी, मामा, मी काय म्हणालो ते तुम्हाला आठवत असेल. मी म्हणालो, "तेव्हा मशीनही जुनी होती, ताई. होतं असं कधी कधी." तुमच्या त्या खोट्यावर मी माझा पेन फिरवून दिला.

पुढच्या दोन महिन्यांत चाकूरकडचे लोक विचारायला लागले, मापाला दुसरं कुणी नाही का. मी नवीन मशीन घेतली, तिच्यावर लातूरची एक मुलगी ठेवली आणि तुम्हाला चष्म्याच्या काउंटरवर बसवलं. "उभं राहायचा त्रास नको आता ह्या वयात," असं म्हणालो. तुम्ही म्हणालात, "बरं, सर." तुमच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, आणि तो हात मी फ्रेमचे स्क्रू आवळायला बसवला.

त्या काउंटरवर तुम्ही तीन वर्षं बसलात. नंदिनीचा चष्मा तुम्हीच करायचात. उण्या नंबराला फ्रेम लहान घ्यावी म्हणजे काचेच्या कडा जाड दिसत नाहीत, हे तिला तुम्ही आरशासमोर बसवून दाखवलंत. दर सहा महिन्यांनी ती यायची आणि सरळ काउंटरवर जायची, माझ्याकडे नंतर. सुरेखाताईंचा राग कधी गेला मला कळलं नाही. एके दिवशी पाहिलं तर तुमच्या डब्यात त्यांनी आणलेली धपाटी होती.

ह्या विषयावर आपण एकदाच बोललो. मी गाडीतून तुम्हाला स्टँडवर सोडायला आलो होतो. नांदेडची बस लागायची होती. मी विचारलं, "मामा, त्या दिवशी तुम्ही असं का सांगितलंत?"

"तुमची पाटी हाय, सर. खेड्यातनं लोक पाटी बघून येतेत. माझी कुठं पाटी हाय?" मग जरा थांबून, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेत म्हणालात, "एकवीस बराबर होता, हे तुम्हाला तर माहीत हाय न?"

तुम्ही काही मागत नव्हतात. फक्त हो ऐकायचं होतं. एका माणसाकडून, ज्याला खरं ठाऊक होतं. आणि मी म्हणालो, "बस लागली बघा, मामा."

तुम्ही बसमध्ये चढलात आणि खिडकीतून हात केलात. हे मला सगळ्यात जास्त छळतं. पंचवीस मी घाईत टाकला, अहंकारात टाकला. सुरेखाताईंसमोर घाबरून गप्प बसलो. पण स्टँडवर तर कुणीच नव्हतं. तिथे माझं काय जात होतं?

आणि गेला रविवार. भंतेंची बुद्धवंदना झाल्यावर माझ्या आधी सुरेखाताई बोलायला उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, माईक कसा धरायचा ते कळत नव्हतं. म्हणाल्या, "मी शिलाई करते. आमच्या धंद्यात माप चुकलं तर आम्ही सांगत न्हाई. कापड आटलं म्हणतो, तुमचं अंग सुटलं म्हणतो. ह्या माणसानं माझ्या तोंडावर सांगितलं, माझ्या हातनं चुकलं. मी लई बोलले त्यांना. तरी माझ्या पोरीचा चष्मा त्यांनी कधी दुसऱ्याला हात लावू दिला न्हाई. चूक सगळ्यांच्या हातनं होती. कबूल कोण करतंय?"

लोकांचे डोळे भरले. शेजारचा एक म्हातारा मला म्हणाला, "पाहा डॉक्टर, खरं बोलणारी माणसं अशी असतात." मी हो म्हणालो. मग माझं नाव पुकारलं आणि मी जाऊन कणा-बिणा बोललो. नंदिनी तिसऱ्या रांगेत बसली होती. चौदा वर्षांची, लहान फ्रेमचा चष्मा, आता उणे आठ. ती एकटक माझ्याकडे बघत होती, किंवा मला तसं वाटलं. त्या नंबराला लांबूनही नीट दिसावं अशा काचा तुम्ही तिला करून दिल्या होत्या.

मंगळवारी मी जुना केसपेपर काढला. तुमची पेन्सिल अजून पुसट झालेली नाही. तो घेऊन चाकूरला गेलो.

सुरेखाताई मशीनवर होत्या. मी पेपर त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं, सभेसकट. त्यांनी पायाने मशीन थांबवली. बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी माईकवर बोलले तवा तुम्ही फुडंच बसला होता."

"हो."

"आणि माझ्यानंतर तुम्ही बोललात."

"हो."

त्यांनी पेपर माझ्याकडे सरकवला. ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि म्हणूनच बहुतेक ओरडल्या नाहीत. नंदिनी दारात उभी राहून ऐकत होती. तिने विचारलं, "म्हंजी मामांचं माप बराबर होतं?"

"हाव," मी म्हणालो.

"मग त्यांच्या घरी सांगितलं का तुम्ही?"

मामा, हे मला सुचलंच नव्हतं. ज्या घरात तुम्ही रोज परत जायचात, तिथे तुमचा हात चुकला म्हणून कळलं असेल, मामींना बायकांनी विचारलं असेल, पोरांनी ऐकलं असेल, हे मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीला सुचलं.

तसाच गाडी घेऊन नांदेडला आलो. मामी एकट्याच होत्या. त्यांनी बसायला सतरंजी टाकली, पण पाणी विचारलं नाही. वीस वर्षांत मी दोनदा तुमच्या घरी आलो आणि दोन्ही वेळा "आत्ताच प्यालो" म्हणालो, हे त्यांना पाठ असणार. मी म्हणालो, "मामी, पाणी द्या." त्यांनी दिलं. मी प्यालो. त्याने काही धुऊन निघत नाही, मला कळतं.

मग केसपेपर दाखवला. त्यांना आकडे वाचायला अडचण नव्हती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर. तीस वरसं ह्या माणसाच्या हाताचं माप बघितलं मी. भिंतीत खिळा ठोकताना एक सूत हुकायचा न्हाई."

"त्यांनी सांगितलं होतं तुम्हाला?"

"मी विचारलं होतं. म्हणले, सर सांगतील. त्यांना जरा वेळ लागून राहिला."

हे त्या तुमच्याच आवाजात म्हणाल्या, मामा, आणि मला एकदम हसू आलं. मग ते हसू कुठे गेलं कळलं नाही. मी तोंड झाकून बसलो. मामींनी मला समजावलं नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "मला सांगून काय होतंय? मला माहीतच हाय. ज्यांना माहीत न्हाई, त्यांना सांगा."

म्हणून हे लिहिलं. केसपेपर हॉस्पिटलमध्ये लावलाय, सोबत चूक कुणाची ते चार ओळींत लिहून, पाटीखालीच, येणाऱ्याला आधी दिसेल असा. पेशंट थांबून वाचतात आणि मी आत बसून त्यांच्या पायांचे आवाज ऐकतो. काल दोघं वाचून परत गेले. जाऊ देत.

स्टँडवर तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती. त्याचं उत्तर द्यायला बस निघून जाईपर्यंत थांबलो, आणि मग तुम्हीही गेलात. हाव, मामा. एकवीस बरोबर होता. दोन्ही डोळ्यांना. पंचवीस माझा. हे पेनाने लिहिलंय आणि खाली सही केलीय.